फाडलेला श्लोक

मास्तर, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. आता उलट बोललो तरी छडी बसणार नाही, म्हणून लिहितोय. पाठशाळेतून तुमच्या इंग्रजी शाळेत आलो तेव्हा मला सगळ्या विभक्ती तोंडपाठ होत्या. पण इंग्रजी नामाआधी ‘अ’, ‘ॲन’ की ‘द’, हे काही सुटत नसे. संस्कृतात नाम एकटं, धडधाकट चालतं. इंग्रजीत त्याच्यापुढे दरवेळी एक चोपदार लागतो. शेवटी मी ते सारे नियम संस्कृत अनुष्टुभात बसवले. तुम्ही माझा श्लोक वाचलात, तांबड्या पेन्सिलीने काहीतरी खरडलंत आणि वर्गासमोर टराटरा फाडलात. “शास्त्रीबुवा, ही भाषा आहे, सत्यनारायण नव्हे. घोकून येत नाही!” चिंचवडात पुढे वर्षभर माझं नाव सत्यनारायण.

तर ऐका. पिंपरीच्या माळावर आता औषधांचा कारखाना उभा राहिलाय आणि मी तिथे हेडक्लार्क आहे. आसपासच्या गावांतली पाच माणसं तिथे वर्षभर हंगामी राबतायत. कायम व्हायचं तर नोंदवहीत चार ओळी शुद्ध इंग्रजी लिहून दाखवा, असं साहेबांचं फर्मान निघालं. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना पाठशाळेसारखी संथा द्यायला बसलो. मी एक चरण म्हणायचा, त्यांनी दोनदा. श्लोक तोच, तुम्ही फाडलेला. फक्त मराठीत उतरवलेला. त्यांतला भोसरीचा थोराड गडी म्हणाला, “बायकू इचारती, ह्यो जेवताना काय पुटपुटतो, देवरुषी आणू का?”

परीक्षेला तो दर नामाआधी थांबतोय, ओठ हलवतोय, मग लिहितोय. साहेब खेकसले, “काय बडबडतोस? तोंड बंद!” त्याची पेन्सिल थांबली. “साहेब, त्वांड मिटलं की डोस्कं बी मिटतंय बगा.” मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. मास्तर, ते हसू माझ्या ओळखीचं होतं. मी उठलो. “साहेब, कागद तपासा, ओठ तपासू नका. यांनी गप्प बसायचं असेल, तर या परीक्षेच्या निकालावर माझी सही मिळणार नाही.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग पाचही जण मोकळ्या गळ्याने गुणगुणत लिहू लागले. परीक्षा कसली, रुद्राचं आवर्तनच! पाचही कायम झाले. घोकून येतं, मास्तर. घोकूनच आलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? फायलीतच राहील. त्यामुळे एक सांगून टाकतो. त्या दिवशी केरातले तुकडे वेचून मी खळीने चिकटवले होते. ‘अ’ की ‘ॲन’ सांगणारा तिसरा चरण माझा चुकला होता. तुम्ही तो तांबड्या पेन्सिलीने बदललात, तोही छंद न मोडता; अर्थ एवढाच: अक्षर पाहू नकोस, कानाला विचार. मी आजही तुमचाच चरण शिकवतो. त्या पाचजणांना मात्र सगळा श्लोक माझाच म्हणून सांगितलाय.