बाबांच्या नावावर चाललेली पावलं

११ जून, मंगळवार
आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. ताम्सिन बाबांच्या मनगटावर घड्याळ बांधत होती. पट्टा बसेना, म्हणून म्हणाली, रीस, जरा यांचा हात धर. मी धरला. बाबांचा हात थरथरत होता. 

ताम्सिन हॉस्पिटलची फिजिओ. पार्किन्सनवाल्यांना व्यायामाला लावायची नवी योजना आहे. घड्याळ पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं, फोनवरून टोचत राहतं. आकडे थेट तिच्याकडे जातात. शिवाय दर मंगळवारी ती घरी येणार. दर मंगळवारी.

दारात बाबांचे पाय चिकटले तर काय करायचं, तेही तिनं दाखवलं. पायाचंच काहीतरी होतं. मी तिच्या कानाकडे बघत होतो.

२४ ऑगस्टला गावच्या फुटबॉल क्लबनं बाबांच्या जुन्या विजेत्या टीमला मैदानावर बोलावलंय. बाबा म्हणाले, चालत जाईन. चाकाच्या खुर्चीत घालून न्यायचं असेल तर थेट दफनभूमीत न्या.

निश्चय: रोज तीन हजार पावलं (त्यांची). राग बंद (माझा).

१२ जून
२१२ पावलं. फोन गोड आवाजात म्हणाला, चला डेन्झिल, उठू या का? बाबांनी चहाचा मग फेकला. चाळीस वर्षं मेंढ्या कातरलेला हात. फोन वाचला, माझा कान नाही. मी खुर्चीला लाथ घातली. माणसावर हात उचलला नाही. प्रगती आहे.

१६ जून, रविवार
बाबा बाथरूमच्या दारात अडकले. पाय खिळे ठोकल्यासारखे. मी म्हणालो, चला. परत म्हणालो. मग ओरडलो. मग ढकललं. कपड्यांच्या टोपलीवर पडले, आणि उठता उठता काठीनं माझी नडगी फोडली. म्हणाले, कॉलेजातून तुला असंच ढकलून काढलं ना?
साफ खोटं. कॉलेज मी स्वतः सोडलं. सरांच्या गाडीचा आरसा फुटला तो नंतर.

१७ जून, सोमवार
आठवड्याची बेरीज एक हजार चारशे. उद्या ताम्सिन हे बघणार. असल्या घरातला मुलगा कुणाला आवडेल?
तात्पुरता उपाय: घड्याळ मी घालायचं. ही फसवणूक नव्हे. चढते आकडे बघून बाबांना हुरूप येईल. बाबांना सांगितलं. त्यांनी मनगट पुढं केलं. मग म्हणाले, घाल.
दुपारी समुद्राकाठानं सहा हजार चाललो. बाबांची तब्येत उत्तम.

२५ जून, मंगळवार
ताम्सिन खूश. ती यायच्या आधी घड्याळ बाबांच्या हातात, गेली की माझ्या. म्हणाली, डेन्झिल, तुम्ही तर घोडा झालात. बाबा म्हणाले, घोडा नाही, गाढव. चालून दाखवा म्हणाली, तर बाबा म्हणाले, सकाळीच चालून दमलोय, पोरी. जाताना तिनं माझ्या कोपराला हात लावला. ती गेल्यावर आनंदानं भिंतीला ठोसा मारला. भिंतीत भोक पडलं. वर कॅलेंडर टांगलंय.

९ जुलै, मंगळवार
तिचा फोन. आकडे इतके छान आहेत की आता घरी यायची गरज नाही, हा वेळ ती अवघड पेशंटना देईल. म्हणाली, सगळं तुझ्यामुळं, रीस.
फोन ठेवला आणि पाण्याच्या टाकीला लाथ घातली. टाकी लोखंडी निघाली. डाव्या पायाचा अंगठा मोडला. दिवसाची पावलं ८६. संध्याकाळी ॲपनं विचारलं, डेन्झिल, आज उदास वाटतंय का? मी ‘हो’ दाबलं.
नवी योजना: आकडे हळूहळू पाडायचे. ती परत येईल. अंगठ्याची मदत होईल.

१८ जुलै
बाबांना खुर्चीतून उठवायला आता दोघं लागतात. मी आणि शेजारच्या ट्रेगेंझाकाकू. काकू म्हणाल्या, महिन्याभरात किती आखडले रे. इकडं जुलै म्हणजे ऐन हिवाळा, थंडीमुळं असणार.

२० जुलै, शनिवार
लंगडत मॅचला गेलो. ताम्सिन होती. शेजारी आमच्या क्लबचा बचावपटू डेक्लन. तिच्या बोटात अंगठी. मी फक्त अभिनंदन करायला गेलो होतो. डेक्लन म्हणाला, अरे, बापाला पळायला लावणारा तो तूच का? शब्द ठीक होते, सूर चुकीचा होता. त्याच्या नाकावर ठोसा घातला. रक्त बघून बरं वाटलं. मग त्यानं मला उचलून खिमा भरलेल्या पेस्टीच्या टेबलावर आपटलं. माझा एक दात सॉसमध्ये सापडला. ताम्सिन ओरडत होती, कोणाच्या बाजूनं ते कळलं नाही.
मारामारी चार दहा ते चार एकवीस. बाहीखाली घड्याळ थरथरलं: शाब्बास डेन्झिल, जोरदार व्यायाम.

२२ जुलै, सोमवार
ताम्सिनचा फोन, उद्या येते. आवाज जड होता. बहुतेक अंगठी परत केली. शर्टाला इस्त्री केली.

२३ जुलै, मंगळवार, संध्याकाळी पाच
गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून लिहितोय.

ती आली. बोटात अंगठी होती. टेबलावर कागद ठेवला. डेन्झिल पॅस्को, वय अडुसष्ट, शनिवारी चार दहा, ठोके एकशे एकाहत्तर. मग माझ्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं. म्हणाली, घड्याळ काढ. तेवढंच. शर्टाच्या नादात ते माझ्याच मनगटावर राहिलं होतं. काल पाठ केलेलं भाषण राहिलं, घड्याळ काढून दिलं.

बाबांना म्हणाली, उठून दाखवा. चौथ्या प्रयत्नात उठले. ती म्हणाली, पाच आठवडे बसवून ठेवलंय यांना, आता ऑगस्टचं मी काही सांगू शकत नाही. तुम्ही का गप्प बसलात?
बाबा म्हणाले, कॉलेज सुटल्यापासून हा पलंगातून उठत नव्हता. म्हटलं, घरातलं कुणीतरी चालतंय.

तिनं घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. उद्यापासून ती आणि ट्रेगेंझाकाकू बघतील म्हणाली, आणि गेली.

मी म्हणालो, मी हे सगळं तुमच्यासाठी केलं. बाबांनी ठोसा मारला. बसल्या जागी तो हात सतत थरथरतो. ठोसा अजिबात थरथरला नाही. उरलेल्या दातांपैकी एक हलला. माझी कॉलर धरून म्हणाले, नीघ. आणि मला दाराकडे ओढत निघाले.

दारात अडकले.

पाय खिळलेले, कॉलर मुठीत, दोघंही उंबऱ्यावर. ते मला बाहेर काढू शकत नव्हते आणि मी बाहेर जाऊ शकत नव्हतो. ढकलावंसं वाटलं. तेवढ्यात तिनं दाखवलेलं आठवलं. त्यांच्या पायापुढं माझा पाय आडवा ठेवला. म्हणालो, याच्यावरून पाऊल टाका.

टाकलं. मोडक्या अंगठ्यावर पडलं. मी ओरडलो, ते व्हरांड्यात पोचले.

आता परत आत न्यायचं होतं. पुन्हा पाय. आत. बाबा म्हणाले, परत. बाहेर. परत. आत.  शेवटी घामाघूम होऊन खुर्चीत बसले. घड्याळात ३६ पावलं होती. सगळी त्यांची.

चहा ठेवू का विचारलं. म्हणाले, नीघ म्हटलं ना.

मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.