न सरकणारं पायपुसणं

आई,

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या फरशीविरुद्ध मला तुझ्याकडे रीतसर तक्रार नोंदवायची आहे. सोसायटीच्या ऑफिसात नोंदवून झाली. तिथे 'मॅडम, टाइल तो सबके घर में यही है' असं सांगून मला प्रगतीच्या आड येणारी बाई ठरवण्यात आलं. फरशी कसली, जमिनीवर आडवा टाकलेला आरसा आहे. वाकून टिकली लावता येते. पाहुणे आल्या आल्या 'क्या चमक है' म्हणतात आणि दोन पावलांवर भिंत धरतात. या फरशीवर एकही पायपुसणं ठेवल्या जागी राहत नाही. दारातलं सोफ्याखाली सापडतं, बाथरूमसमोरचं स्वयंपाकघराच्या दिशेनं निघालेलं असतं. नुसतं एका जागी बसून राहायचं, एवढंच ज्याचं काम, त्याला तेही जमू नये? बाबांच्या सरकारी खात्यात माणसांनी हे काम तीस-तीस वर्षं चोख बजावलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, बाबा पडेपर्यंत. सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि धप्प. मी स्वयंपाकघरातून धावत गेले तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, पंचा सावरतायत, आणि पायपुसणं दोन हात लांब. 'सरकलं गं,' एवढंच म्हणाले. मनगटाला बारीक चीर गेली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, चौऱ्याऐंशीव्या वर्षी मनगटावर भागलं हे नशीब समजा. खुब्यावर पडले तर पुन्हा उभे राहतील याची खात्री नाही. तेव्हापासून, आई, बाथरूमच्या दाराची कडी वाजली की मी हातातलं काम टाकून तिकडे बघते.

आणि ते पायपुसणं तुझं. बारा वर्षं झाली तुला जाऊन, तरी आहे अजून. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून तू बसली आहेस, मांडीवर जुनी साडी. टरटर फाडून पट्ट्या काढतेस, तीन पट्ट्यांची तिपेडी वेणी घालतेस, आणि ती गोल गोल गुंडाळत दाभणानं टाचत जातेस. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे. खाली पंक्चरवाल्याकडून मागून आणलेले सायकलच्या ट्यूबचे तुकडे शिवायचीस, म्हणजे ते जागचं हलत नसे. तिथली जमीन खरखरीत सिमेंटची; ट्यूब नसती तरी ते हललं नसतं, पण तुझा कशावर विश्वास म्हणून नव्हता. बाबा येता-जाता म्हणायचे, 'अगं, साडीवर पाय ठेवायचा म्हणजे कसंसंच होतं.' तू मान वर न करता म्हणायचीस, 'आणताना एवढा विचार केला असतात तर चांगली तरी आणली असतीत.' आणि बाबा चिखलाचे पाय त्याच साडीवर खसाखसा पुसून आत जायचे. एकदा माझी मैत्रीण येणार होती म्हणून मी ते पायपुसणं कॉटखाली सरकवलं. तू ते पुन्हा दारात आणून टाकलंस. 'लाज वाटायचीच असेल तर पायांची वाटू दे. बघ किती मळलेत.' मैत्रिणीसमोर. ती अजून भेटली की माझ्या पायांकडे बघते.

तर तुझे ते ट्यूबचे तुकडे आता वाळून पापडासारखे कडक झालेत. टाइलवर त्यांची पकड म्हणजे बर्फावर बशी. मी कामाला लागले. आधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. पण आपल्याकडे रोज ओला पोछा होतो. कामवाली सगळी पायपुसणी उचलते, बाल्कनीच्या कठड्यावर झटकते, फरशी वाळली की परत टाकते. तीन दिवसांत टेपला दिल्लीची धूळ बसली आणि ती फक्त धूळ चिकटवून ठेवू लागली. मग रबराची जाळी आणली, पायपुसण्यापेक्षा बोटभर लहान कापून खाली घातली. चांगली होती, पण कडेनं दुमडून उंचवटा व्हायचा. म्हणजे घसरायचं नसेल तर अडखळा. बाजारातून नवं, रबरी पाठीचं, हिरवंगार आणलं. बाबांनी ते पायानं बाजूला सारलं, 'माझं आहे ते असू दे.' शेवटी हार्डवेअरवाल्यानं सिलिकॉनची नळी दिली. पायपुसणं उलटं करून त्यावर शेव पाडावी तशा रेघा ओढल्या, दिवसभर वाळू दिलं. आई, काय बसलंय! मी त्यावर उभी राहून उड्या मारल्या. बाबा म्हणाले, 'पन्नाशीत पाय मोडशील.' त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी निवांत झोपले.

नवव्या दिवशी ते पुन्हा पडले.

या वेळी कमरेवर. हाड वाचलं, पण मांडी काळीनिळी झाली. 'सरकलं गं,' पुन्हा तेच. पायपुसणं सुताइतकंही हललेलं नव्हतं, मला दिसत होतं. पण माणसाला जे दिसतं त्यापेक्षा जे सोयीचं असतं ते लवकर पटतं. मी ठरवलं की कामवालीनं ते पोछ्यानंतर ओल्या फरशीवरच टाकलं असणार, आणि तिच्यावर अशी तुटून पडले की शेजारच्यांनी दार किलकिलं केलं. 'तुमको समझ में नहीं आता? कितनी बार बोला है, सुखाके रखो!' ती पोछा हातात धरून उभी. बाबा पलंगावर पडून छताकडे बघत होते.

आठवड्यानं भांडी घासता घासता तीच म्हणाली, 'दीदी, आप जो मर्ज़ी चिपका लो. वो पायदान नहीं फिसलता. बाबूजी झुकते हैं.'

'झुकते हैं मतलब?'

'पैर पोंछते हैं, फिर झुक के उसको हाथ लगाते हैं, माथे से. जैसे किताब पे पैर लग जाए तो करते हैं ना, वैसे. रोज़. दोनों बार वैसे ही गिरे. मुझे बोले थे, दीदी को मत बताना.'

मी हात पुसून थेट बाबांसमोर जाऊन बसले. ते पेपर वाचत होते.

'बाबा, तुम्ही पायपुसण्याला नमस्कार करता?'

'पायपुसण्याला कशाला करीन? साडी आहे ती.' पेपर खाली आला नाही.

'मग इतकी वर्षं खुशाल पाय पुसत होतात ते?'

'तेव्हा ती होती ना घरात. काय बोलायचं ते बोलून घ्यायची.'

'बरं, मग आता पाय ठेवू नका त्यावर. मी कपाटात ठेवते नीट.'

'पाय पुसायचे नाहीत तर तिनं केलं कशाला?'

'मग उभ्याउभ्या हात जोडा.'

आता पेपर खाली आला. 'अगं, वाकल्याशिवाय नमस्कार होतो का? तू ऑफिसात करतेस तसला?'

तुझ्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्यांचं म्हणणं दोन्ही बाजूंनी पक्कं आहे: पाय पुसलेच पाहिजेत, कारण तू त्यासाठीच केलंस, आणि वाकलंच पाहिजे, कारण तुझी साडी. मधल्या मध्ये मोडेल तो खुबा त्यांचा. एकदा मी ते उचलून खरंच कपाटात टाकलं. बाबा ओल्या पायांनी बाथरूमच्या दारात उभे राहिले, बाहेर येईनात. रागावले नाहीत, मागितलंही नाही. नुसते उभे, थंडीनं दात वाजतायत. सात-आठ मिनिटांत मीच आणून टाकलं. मग भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला, चांगला जाड, स्टीलचा. त्यावर ते पंचा वाळत घालतात.

फरशी बदलता येईल, आई. पायपुसणं खिळून टाकता येईल. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस वाकतो त्याला खाली काय लावायचं, ते कुठल्याच हार्डवेअरवाल्याकडे मिळत नाही. माझ्या सगळ्या युक्त्या जमिनीसाठी होत्या.

आता रोज सकाळी त्यांची आंघोळ आटपायच्या सुमारास मी दाराशी मोडा, ते वेताचं बुटकं स्टूल, घेऊन बसते. ते बाहेर येतात, पाय पुसतात, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग वाकायला लागतात आणि मी कोपर धरते. एवढंसं हाड. खाली जातात, बोटं टेकवतात, कपाळाला लावतात, आणि वर यायला जो वेळ लागतो तो, खरं सांगू, मला बघवत नाही. मी दुसरीकडे बघते. मग विचारतात, 'चहा झाला का?' एवढंच.

पण मंगळवारी आणि गुरुवारी मला नोएडाला जावं लागतं. मेट्रोत सव्वा तास बसून एका मीटिंगला, जिथे सगळे एकमेकांचं ऐकतोय असं दाखवतात. त्या दिवशी बाबा आंघोळीला जायच्या आत मी घराबाहेर पडलेली असते. कालपर्यंत त्या दोन दिवशी मी रजा, सर्दी, प्लंबर, मिळेल ते कारण पुढे केलं.

हे तुला पोचणार नाही, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. पोचलं असतं तर लिहिलंच नसतं. तू पहिलं वाक्य वाचूनच विचारलं असतंस, 'मुद्द्याचं काय?' तर मुद्द्याचं. आज पोछा झाल्यावर मी कामवालीला थांबवलं, चहा दिला आणि म्हणाले, 'उस दिन मैं तुम पर बेकार में चिल्लाई. गलती तुम्हारी नहीं थी.'

'अरे दीदी, छोड़ो ना.' तिनं चहात बिस्कीट बुडवलं. मग म्हणाली, 'पर उस दिन बुरा तो बहुत लगा था.'

'लगना ही चाहिए था. माफ करो.'

तिनं मान हलवली. बाहेरच्या खोलीत बाबांनी पेपरचं पान उलटलं, ऐकत होते.

हे सांगताना माझ्याबद्दल तुझं मत चांगलं होईल असं वाटतंय, म्हणून एक सांगून टाकते. माफी मागायला मला दोन महिने लागले, आणि आज मागितली ती मन मोठं झालं म्हणून नाही. उद्या गुरुवार आहे. त्यांचं कोपर धरायला मला कोणीतरी हवं होतं.