फ्लॉपीच्या पट्टीचा लाल काठ

चि. अमोल यास,

अकोल्याहून तुझ्या भाऊजीचा सप्रेम जयभीम. तिकडं अमरावतीत सारे मजेत असालच. इथं आमी दोघं तब्येतीनं बरे, पण मी लय भेलो आहे. (फोनच केला असता, पण तुझी पौर्णिमाताई बाजूच्या खोलीतून सारं ऐकते.)

तुझ्या बाबांची, म्हणजे आमच्या जानराव मामाजींची, भीमगीतं त्या एकाच मोठ्या फ्लॉपीत उरली आहेत, हे तुले माहीतच आहे. ताईले ती पुण्यतिथीले छापायची आहेत. मी फुशारकीनं म्हटलं, त्यात काय, मी काढून देतो. झालं! आपल्या जुन्या कम्प्युटरात लहान फ्लॉपीचा ड्राइव्ह. मोठीचा मी भंगारातून आणला. दोघायले जोडणारी तारांची पट्टी एकच, अन् तोंडं मात्र अलग (एकाले पिना, एकाले फट). त्या पट्टीचा एक काठ लाल. आता मी जन्मभर लाइनमन. खांबावर चढताना कधी भेलो नाही, पण लाल म्हणजे करंट, एवढं पक्कं शिकलो. म्हणून लाल काठ मुद्दाम माझ्यापासून दूर, उलट्या बाजूले बसवला, रबरी हातमोजे घातले, लाकडी पाटावर उभा राहिलो अन् बटन दाबलं.

दोन्ही ड्राइव्हचे दिवे पेटले अन् विझूनच नाही राहिले बाप्पा! मले दरदरून घाम फुटला. धावत जाऊन घराचा मेनच पाडला. मे महिना, पंखे बंद, मिक्सरमध्ये चटणी अर्धवट. ताई जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून पट्टी फिरवली (लाल काठ म्हणजे करंट नव्हे, नुसती एक नंबरच्या तारेची खूण निघाली). दिवे शहाण्यासारखे पेटले अन् विझले. दोन्ही ड्राइव्ह चालू आहेत.

तुझा भाऊजी,
खुशालराव

ता.क. रविवारी पहिल्या एसटीनं ये. ताईले सांग, आंबे द्यायले आलो.

ता.क. दुसरा. खरं सांगतो, फ्लॉपी मी अजून आत घातलीच नाही. बाहेर आहे तोवर मामाजींची गाणी आहेत. कोरी निघाली तर? ताई पोळ्या लाटता लाटता त्यांचं गाणं म्हणते, दुसऱ्या कडव्यापाशी अडते अन् म्हणते, असू दे, फ्लॉपीत आहे. ते कडवं नाही निघालं तर तिच्या तोंडाकडं मले पाहवणार नाही. तू लहाना भाऊ, तुले ती रागावणार नाही. तूच घाल. मी तवर गिरणीत दळण घेऊन जातो.