नववा साचा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धरणावरच्या दवाखान्यातलं तुझं राज्य कसं चाललंय? इथे माझ्या पोटाचे आठ साचे झाले. पाचव्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी सोमवारी पोटाला तेल चोपडायचं, ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या लावायच्या आणि वीस मिनिटं गुमान पडून राहायचं. चित्रदालनाच्या बाईंना प्रदर्शनासाठी नऊ हवेत. शेवटचा सतरा तारखेला.

फळीवर जागा नाही, म्हणून वाट्यांसारखे एकात एक ठेवते, जुना आत आणि नवा बाहेर. पण माझा हात बिघडलाय बघ. सहावा नि सातवा सारखेच झाले, आणि कालचा आठवा तर सातव्याच्या आत जाऊन बसला. पट्ट्या फार ताणल्या असणार. हे म्हणतात, बाईसाहेबांना घाई नडते. छापखान्यातल्या माणसाला यातलं काय कळतंय!

बाळ मात्र गुणी आहे. आधी लाथा मारून ओल्या प्लास्टरला तडे पाडायचं, आता हूं की चूं करत नाही. रागावू नकोस, पण महिनाभर तपासणीला गेलेले नाही. प्रदर्शन उरकलं की जाईन. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी,
भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दरड कोसळून टपालाची गाडी अडकली होती, तुझं पत्र आज सकाळी हाती आलं. तार आधीच केली आहे. तारेत सगळं मावत नाही, म्हणून हे लिहिते.

तुझा हात बिघडलेला नाही. तो कधीच बिघडत नाही, हे मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे. पोटच वाढलेलं नाही, महिनाभर. आणि बाळ गुणी नाही गं, थकलंय. तेवीस वर्षं बायकांची बाळंतपणं केली, पण आजच्यासारखी घाबरले नव्हते. हातातलं टाकून दवाखान्यात जा. जावईबापूंची वाट बघू नकोस. प्रदर्शन गेलं खड्ड्यात. हे पत्र पोचेल तेव्हा तू तिथे असशील, असं स्वतःला बजावते आहे.

जिवाला जप.

तुझी,
ताई

२३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली, हे यांच्या तारेने तुला कळलंच आहे. तारेत नव्हतं ते लिहिते. यांनाही सांगितलेलं नाही.

तुझी तार आली तेव्हा मी चटईवर पडले होते, शेवटची पट्टी नुकतीच लावून झाली होती. शेजारच्या शिंपीणबाईंनी तार वाचून दाखवली आणि तशाच गाडी आणायला निघाल्या. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, साचा वाळू दे, मग आणा. ओला ओढला असता तर फाटला असता. वीस मिनिटं मी पडून राहिले, ताई. साचा छान उतरला. आठव्याहूनही लहान आहे. तो नीट उचलून ठेवला, मग गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं आधी यायला हवं होतं. थोडं म्हणजे किती, ते विचारायचा मला धीर झाला नाही. म्हणून तुला विचारते. ती वीस मिनिटं मी थांबले नसते तर? खरं काय ते सांग, तुला माझी शपथ.

मला दूर लोटू नकोस.

तुझी,
भिंगरी

२८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रजा मिळाली, सोमवारी निघते. खोली आवरत बसू नकोस, ते मी आल्यावर बघू. दोन घास वेळेवर खा आणि जावईबापूंनाही खायला लाव.

वीस मिनिटांनी काहीही फरक पडला नसता. हे तुझी बहीण नाही, तेवीस वर्षं हेच काम केलेली परिचारिका सांगते आहे.

मुद्दाम पत्रात लिहिते आहे आणि माझ्या आधी पाठवते आहे. लहानपणापासून माझा चेहरा तुला वाचता येतो. मी समोर आले की हा प्रश्न पुन्हा विचारू नकोस, एवढी माझ्यावर माया कर.

तुझी,
ताई