रेषेपलीकडची अकरा घरं

मुंबई, २४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांस,
प्रियदर्शिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून गावी निघालेल्या शेजारच्या साहिलच्या हाती हे पत्र देतेय. यंदा गणपतीला माझी वाट बघू नका.

महापालिकेच्या निवडणुकीसाठी प्रभागांचे नवे नकाशे लागलेत. आमच्या टेकडीवरच्या वस्तीचे दोन तुकडे झालेत. वरची चाळीस घरं हायवेपलीकडच्या प्रभागात टाकलीत. चार वर्षं खेटे घालून दरडीखाली संरक्षक भिंत मंजूर करून घेतली होती; आता नवा नगरसेवक पुन्हा मागेल तेव्हा बघू, असं कचेरीत सांगतात. हरकतीवर सह्या घेतेय. सुनावणीत मीच बोलायचं ठरलंय. रोज रात्री आरशासमोर बोलून बघतेय, आबा.

तुमची प्रिया

वरचीवाडी, ता. पोलादपूर, ३ सप्टेंबर

चि. प्रियास,
अनेक आशीर्वाद.

गणपती आले नि गेले. तुझ्या आईनं आरतीला दोनदा वळून दाराकडं बघितलं.

गो, तू त्या भानगडीत पडू नको. पुढारी लोक लक्षात ठेवतात. तुझी पोरं लहान हायत.

तुला सगळं कधी सांगितलं नाय. आपल्या डोंगराला भेग पडली ती दोन ग्रामपंचायतींच्या हद्दीवर. मी अर्ज घेऊन दोन्हीकडं गेलो. हे म्हणाले त्यांच्याकडं जा, ते म्हणाले ह्यांच्याकडं. तिसऱ्या आठवड्यात दरड आली नि माझी बहीण, तुझी सुंदराआत्या, घरासकट गेली. अर्ज माझ्या खिशातच होता.

म्हणून जाऊ नको म्हणतो. आणि म्हणूनच तसं म्हणायला जीभ पण रेटत नाय.

तुझा आबा

मुंबई, ८ ऑक्टोबर

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

सुनावणीला गेले. तीन मिनिटं दिली होती. पहिलं मिनिट सह्यांचे कागद उलगडण्यातच गेलं. मग साहेबांना म्हटलं की नकाशावर आमची टेकडी सपाट दिसते, पण पाणी वरूनच खाली येतं. आत्याचं सांगितलं. तुमच्या खिशातल्या अर्जाचंही सांगितलं, रागावू नका. त्यांनी नकाशा माझ्यापुढं सरकवला आणि दरड कुठं ते दाखवायला सांगितलं.

आता अंतिम नकाशा आलाय. रेषा वर सरकली. एकोणतीस घरं जुन्या प्रभागात परत आली. पण रेषा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबली. वरची अकरा घरं पलीकडंच राहिली, त्यात आपलं एक. खालच्या बायका पेढे घेऊन आल्या. घेतला नि पोरांच्या हातावर ठेवला.

हे म्हणतात, खोली विकून बदलापूरला जाऊ. बाकीच्या दहा घरांतल्या बायका रोज दाराशी येऊन आता काय करायचं विचारतात. काय सांगू?

तुमची प्रिया

वरचीवाडी, १५ ऑक्टोबर

चि. प्रियास,
आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्यांना लावला नि मला म्हणाली, जा.

जावयांना सांग, खोली विकायची घाई नको. पावसाळ्याला अजून आठ महिने हायत. नव्या प्रभागातले उमेदवार अकरा घरांसाठी टेकडी चढणार नायत. खालीच हात जोडून जातील. त्यांना वर आणायला हवं. दहा घरांतल्या बायकांना तेवढंच सांग, बाकीचं मी आल्यावर.

भात झोडून झालं की वीर स्टेशनावर मुंबईची गाडी धरतो. मी तिथला मतदार नाय. पण मत मागायला येईल त्याचा हात धरून दरडीपर्यंत नेता येईल. गुडघे दुखतात, तरी त्याच्यापुढं चालेन.

भिऊ नको असं लिहीत नाय. मला पण भीती वाटते. येतोच हाय.

तुझा आबा