सासूबाईंना आणायला

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! गाडीतून उतरले आणि गर्दीनंच उचलून बाहेर नेलं – पाय आपले नावापुरते. सासूबाई काम करतात त्या लाँड्रीचा पत्ता विचारला. एक म्हणाला डावीकडे, दुसरा म्हणाला उजवीकडे, तिसऱ्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. रस्ता ओलांडायला उभी राहिले ती उभीच. शेवटी शेजारचे एक आजोबा म्हणाले, "बाई, गाड्या थांबायची वाट बघाल तर इथंच म्हाताऱ्या व्हाल. चला!" – आणि निघाले तरातरा. मी जीव मुठीत धरून त्यांच्यामागं.

लाँड्री काही सापडली नाही. अंधार पडायच्या आत लॉजवर खोली घेतली. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर भिंत.

भाऊजींचा फोन. "सापडली का आई? घेऊनच या हं वहिनी. लोक तोंडाला येईल ते बोलतायत."

बोलू देत, असं म्हणायचं होतं. "हो" म्हणाले.

४ नोव्हेंबर

आजही चुकले. चुकीच्या बसमध्ये बसले, मग ती चूक निस्तरायला दुसऱ्या चुकीच्या बसमध्ये. एका गल्लीत नुसती कुलपं. पुढच्या गल्लीत नुसते आरसे – दुकानादुकानांत मीच, केस विस्कटलेली, हातात पिशवी. आणि आवाज! हॉर्न, हातोडे, भांडणं, कुठंतरी कोणीतरी सारखं रस्ता फोडतंय.

हे गेले ते आमच्या दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. चहा पुढ्यात तसाच. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. भाऊजींचं बिऱ्हाड वेगळं. दोघी एकमेकींना जेवायला वाढायचो आणि दोघी ताटात चिवडत बसायचो. मग एके दिवशी सकाळी आई "येते गं" म्हणून पिशवी घेऊन निघाल्या. मला वाटलं, भाजीला. शोधशोध शोधलं. तिसऱ्या दिवशी फोन – "शहरात आहे. काम मिळालंय. काळजी करू नको." सत्तरीची बाई! जन्मात एकटीनं स्टेशनही बघितलं नव्हतं. पत्ता सांगितला तो गेल्या आठवड्यात, तोही भाऊजी फोनवर रडले तेव्हा.

गावात मी "ती बिचारी". वाण्याकडे गेले तरी बायका बोलायच्या थांबतात. इथं धक्का मारतात आणि वळून बघत नाहीत. राग यायला हवा होता. आला नाही.

५ नोव्हेंबर

सापडल्या!

मोठ्या हॉटेलच्या मागं तळघर, तिथं लाँड्री. आत वाफच वाफ. मालकीणबाई जाडजूड, मोठ्या आवाजाच्या. मी कोण ते सांगितल्यावर ओरडल्या, "सूनबाई का? या, या! तुमची तोफ तिकडं धडाडतेय."

तोफ म्हणजे आई. इस्त्री करणाऱ्या माणसाला झापत होत्या – चादरीला पिवळा डाग पाडला म्हणून. आमच्या आई! घरी ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नव्हता!

मला बघून थांबल्या. बारीक झाल्यात. म्हटलं आता रडतील, नाहीतर मी तरी रडेन. तर म्हणाल्या, "आलीस? धर ते टोक."

हॉटेलच्या पलंगाची चादर – एकटीला घडी घालता येत नाही. मी एक टोक धरलं. ताणायची, झटकायची, मग दोघींनी जवळ यायचं आणि टोकाला टोक लावायचं. दर घडीला हाताला हात लागत होता. हे गेल्यापासून आम्ही एकमेकींना शिवलो नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं. किती चादरी झाल्या कोण जाणे. "घरी चला" म्हणायचं राहूनच गेलं.

६ नोव्हेंबर

लॉज सोडला. लाँड्रीच्या माळ्यावर आईंची खोली आहे, तिथं आले. खाली यंत्रं घरघरतात, जमीन हलते. आईंना त्याचं काहीच नाही.

७ नोव्हेंबर

भाऊजींचे फोन. उचलले नाहीत.

९ नोव्हेंबर

सुट्टी. आई म्हणाल्या, "चल, फिरवून आणते."

"कुठं?"

"ते बसला ठाऊक!"

त्यांचं असंच – समोर येईल त्या बसमध्ये चढायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पूल, पुलावर पूल, वाळत घातलेले कपडे, अर्धवट इमारती. शहर संपतच नाही. शेवटच्या थांब्यावर एक उजाड मैदान, कचरा, आणि सिमेंटचा बाक. तिथं बसलो. मी विचारून टाकलं – "आई, का गेलात?"

पिशवीतून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. मग, "तुझ्यासाठी गेले गं."

"माझ्यासाठी?"

"तू माझ्यापायी अडकली होतीस. मला कळत नव्हतं का? म्हटलं, म्हातारी टळली की पोरगी कुठंतरी जाईल. काहीतरी करील. तर तू तिथंच!"

"घर कोण बघणार होतं?"

"घराला काय पाय फुटणार होते?"

हसू आलं. हसता हसता कधी रडायला लागले कळलंच नाही. सगळं बोलून गेले – दुपारी त्या घरात श्वास कोंडतो, संध्याकाळी फाटक वाजलं की अजून उठून उभी राहते, यांचे शर्ट धुवायला काढते आणि तसेच परत ठेवते. आणि या रेटारेटीच्या गर्दीत, या गोंगाटात मला पहिल्यांदा झोप लागली – याचीच लाज वाटते.

आईंनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "माझंही तेच झालं होतं इथं. मग हळूहळू तो आठवायला लागला. खुर्चीतला नाही – लहानपणीचा. शेंबडा." आणि डोळे पुसले. "तू राहा थोडे दिवस. मग बघू."

"आपण दोघी परत जायचं ना?" मी विचारलं.

"बस आली बघ," म्हणाल्या.

१० नोव्हेंबर

दिवसभर चादरी. मालकीणबाई म्हणाल्या, हात बसला तुझा. आई जवळच होत्या, मान डोलावत होत्या. संध्याकाळी माझी खालच्या सगळ्यांशी नावानिशी ओळख करून दिली. मला वाटलं, कौतुक चाललंय.

११ नोव्हेंबर

उठले तर आईंचं अंथरूण गुंडाळलेलं. खाली धावले.

मालकीणबाई माझ्याकडे बघेनात. "सकाळच्या गाडीनं गेल्या. गावी. म्हणाल्या, तिला उठवू नका. माझ्या जागी ती राहील."

आत्ता दुपार झाली. पोचल्या असतील. कुलूप काढत असतील – एकट्या.