आप्पा, शब्द तुमचा होता

प्रिय आप्पा,

फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते आहे. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा निवांत वाचा.

मी वेळेवर जेवते, तब्येत बरी आहे. वर्ग मात्र हाताबाहेर आहे. मी फळ्याकडे वळले की सगळी सहावी तोंड मिटून एका सुरात गुणगुणते. मागे वळावं तर प्रत्येकाचे ओठ बंद, चेहरे अगदी गरीब. धरायचं कुणाला? मी घसा बसेपर्यंत ओरडते. मग मुख्याध्यापक राधेश्याम सर दारात येऊन नुसते उभे राहतात, पोरं चिडीचूप होतात आणि पोरांसमोर माझी शोभा होते.

शेवटी मी वर्गात डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळी बसणारी टोळकी फोडायचं ठरवलं आणि सगळ्यांना उंचीप्रमाणे बसवलं. तिथेच फसले. शालू नावाची धीट पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, मी न्हाई बसत तिकडं. तिकडं समदे तातेरावच्या पॅनलचे हायेत." ग्रामपंचायतीची निवडणूक कधीच होऊन गेली, पण तातेराव आणि काकासाहेब या दोन पुढाऱ्यांची माणसं अजून एकमेकांच्या लग्नालासुद्धा जात नाहीत. पोरंही घरचं पॅनल घेऊनच वर्गात बसतात. गावाच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की मला कुणी सांगितलंच नाही. मीही हट्टाला पेटले. दोन दिवसांत मारामारी झाली, कल्याण नावाच्या पोराचा दात पडला. दुसऱ्या सकाळी गावानं शाळेला कुलूप ठोकलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे तातेराव आणि काकासाहेब त्या कुलपापाशी खांद्याला खांदा लावून उभे होते. मला हसावं की रडावं कळेना.

त्यांचं म्हणणं एकच. मॅडमनं माफी मागावी आणि पोरं होती तशी बसवावीत, नाहीतर वर लेखी तक्रार. मी अजून शिक्षणसेवक आहे, कायम झालेले नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. मला फार भीती वाटते, आप्पा. आधी घरोघरी जाऊन बोलायला हवं होतं, हे मला मान्य आहे. कल्याणच्या आईची माफी मी मागूनही आले. पण काल मी शाळेबाहेर लिंबाखाली वर्ग भरवला. थोडीच पोरं आली. सावली अपुरी होती, म्हणून जिथे जागा मिळाली तिथे दाटीवाटीनं बसली. शालू तातेरावांच्या नातवाला खेटून बसली होती. दोघं अपूर्णांकाच्या एका गणितावरून जोरजोरात भांडत होते. मी त्यांना गप्प केलं नाही.

आज काकासाहेब हसत म्हणाले, "आवं, तुमच्या वडलांशी बोल्लो मी. शब्द दिलाय त्यांनी, पोरगी माफी मागंल म्हणून." ते तुमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक निघाले. तुम्ही माझी नोकरी वाचवायलाच बोललात, हे कळतं मला. तरी वाईट वाटलं. परवा यावर गावाची बैठक आहे; तिथे ते त्या शब्दाची आठवण देतील, आणि मी सगळ्या गावासमोर सांगणार आहे की तो शब्द आप्पांचा आहे, माझा नाही. हे तुम्हाला त्यांच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र, उद्या तुमच्याकडे वडीगोद्रीला येणाऱ्या आमच्या शाळेतल्या भारत सरांच्या हाती पाठवते आहे. तुम्ही खूप चिडाल. चिडा, पण राग आला की तुम्ही महिना महिना बोलत नाही, तेवढं या वेळी करू नका.

तुमचीच,
प्रीती